हिरव्या तारेची जागा

हनीफ अन्सारींनी शब्द दिला तो शुक्रवारी, दुपारच्या नमाजनंतर, मशिदीसमोरच्या चहाच्या गाडीपाशी. ऐकायला दोन माणसं उभी होती. म्हणजे शब्द मागे घेण्याची सोय राहिली नव्हती.

शब्द असा होता. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत त्यांच्या शेडमध्ये कॉम्प्युटरवरच्या खेळाचे सामने होतील. ते न थांबता पार पडले, तर शेड मुलीची, म्हणजे तबस्सुमची. तिने तिथे काय करायचं ते करावं. मध्ये एकदा जरी बंद पडले, तर एक तारखेपासून शेड ललितशेठच्या फरशीच्या गोदामाला. लाईट गेली तर ते बंद पडण्यात धरायचं नाही, एवढी एक सवलत तबस्सुमचा धाकटा भाऊ झैद याने मागून घेतली. मे महिन्यातल्या धुळ्यात ती मागणं शहाणपणाचं होतं. बंद पडलं तर कोणाच्या हातून पडलं, हा प्रश्न मात्र त्या दिवशी कोणाच्या डोक्यात आला नाही.

ललितशेठ मूळचे धरणगावचे, पारोळा रस्त्यावर त्यांचं टाइल्सचं दुकान. दोन महिन्यांपासून ते शेडसाठी चकरा मारत होते. माणूस सरळ होता, फक्त घाईत होता.

“चाचा, माले आते पक्कं सांगा,” ते म्हणाले. “मोरबीहून दोन ट्रक येई राहिनात. फरशी काय डोकावर ठेवू?”

“रविवारी अकराला येऊन बसा,” हनीफ म्हणाले. “स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बंद पडलं की चावी तुमची.”

शेडमध्ये एके काळी चोवीस यंत्रमाग होते. तीन वर्षांपूर्वी ते भंगारवाल्याने वजनावर नेले. जमिनीत त्यांचे बोल्ट तेवढे उरले होते, आणि तेलाचे डाग. हनीफ रोज सकाळी शेड उघडत, झाडून घेत आणि पुन्हा कुलूप लावत. कशासाठी, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

तबस्सुम सव्वीस वर्षांची. हार्डवेअर आणि नेटवर्किंगचा कोर्स करून चार वर्षं ती एका दुकानात लोकांचे प्रिंटर दुरुस्त करत होती. तिचा बेत साधा होता. शेडमध्ये वीस कॉम्प्युटर, एकमेकांना तारेने जोडलेले. सकाळी मुलांना तेच जोडकाम शिकवायचं, दुपारनंतर खेळणाऱ्यांना जागा द्यायची. शेड मिळाली नाही तर प्रिंटर होतेच.

“सगळं जग मोबाईलवर खेळतं,” हनीफ तिला म्हणाले होते. “मग तार कशाला?”

“मोबाईलचा डाव इंटरनेटवरून जातो, अब्बा. नेट अडखळलं की माणूस मरतो.”

“खेळातला?”

“खेळातला. पण भांडण खरं होतं. इथे दहा कॉम्प्युटर एकाच पेटीला जोडायचे. मध्ये कोणी नाही. बटण दाबलं की त्याच क्षणी समोरच्याला कळतं.”

या पेटीला स्विच म्हणतात. दहा कॉम्प्युटरांच्या दहा तारा त्यात येतात, आणि ज्या अकराव्या कॉम्प्युटरवर सामना चालतो त्याची अकरावी. हनीफना हे पटकन समजलं. हवेतून जाणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता, तारेवर होता. पटलं तसं त्यांनी लगेच नियमही घालून दिला. जमिनीवरून एकही तार जायची नाही, माणसं अडखळतात. सगळ्या तारा भिंतीवर लाकडी पट्टीवरून, सरळ रेषेत, जशा पूर्वी शेडच्या विजेच्या होत्या. त्यामुळे स्विचजवळच्या पाच कॉम्प्युटरांच्या तारा चाळीस फुटांत आटोपल्या. पलीकडच्या टोकाच्या पाचांना मात्र भिंत चढून, वळसा घेऊन, दीडशे-दीडशे फूट जावं लागलं. दोन कूलरही पलीकडच्याच टोकाला होते. त्यांची विजेची वायर त्याच पट्टीवरून गेली, कारण दुसरी पट्टी मारली असती तर भिंत वाईट दिसली असती.

गुरुवारी तबस्सुमला स्विच आणायला जळगावला जावं लागलं. धुळ्यात होता तो आठच तारांचा होता. जाताना तिने भिंतीवर एक कागद चिकटवला. कॉम्प्युटर जोडणाऱ्या या लॅनच्या तारेत आत आठ बारीक तारा असतात, चार रंगांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकीला पिळा घातलेली. टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा कनेक्टर लावायचा, त्यात आठ तारा ठरलेल्या क्रमाने सारायच्या आणि पकडीने दाबायच्या. अकरा तारा म्हणजे बावीस टोकं. क्रम कागदावर होता: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

हे काम झैदने करायचं होतं. त्याने दीड तासात एक तार पूर्ण केली. तीन कनेक्टर वाया घालवले, आणि चौथ्या-पाचव्याची अवस्था अशी होती की आतल्या आठही तारा पोरांसारख्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेल्या. मग त्याला सरावाला जायचं होतं. खेळाच्या.

“हे ठेव खाली,” हनीफ म्हणाले. “जा तू.”

त्यांनी अमिनाबींना बोलावलं. त्यांच्या संसारात कामाची ही वाटणी चाळीस वर्षांची होती. मागावर नवं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, चढलं की ताण्याचा एकेक धागा फणीच्या बारीक फटीतून ओढून घ्यावा लागतो, शेकडो धागे, रंगांच्या ठरल्या क्रमाने. ते अमिनाबी करत. एक धागा चुकीच्या घरात गेला तर ताका संपेपर्यंत कापडावर रेघ उमटत राहते. हनीफ माग चालवत. अमिनाबींच्या हातचं बीम कधी परत उतरवावं लागलं नाही, असं पेठेतले जुने लोक सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

अमिनाबींनी चष्मा लावला, कागद वाचला, पुन्हा वाचला.

“हे चुकलंय,” त्या म्हणाल्या. “नारिंगीची जोडी शेजारी. तपकिरीची शेजारी. निळीची शेजारी. आणि हिरवी मधूनच फाडली? तिच्या पोटात निळी घातली?”

हनीफनी वाचलं. खरं होतं. आठ धाग्यांच्या पट्ट्यात एक धागा तीन घरं पलीकडे पडला होता. असली चूक त्यांनी पंधरा फुटांवरून पकडली असती.

“घाईत लिहिलंय. बस पकडायची होती तिला.”

“फोन करून विचारा.”

“बसमध्ये चार माणसांत असेल. तुझं चुकलं म्हणून सांगू? राहू दे. नीट करून टाक.”

अमिनाबींनी हिरवी हिरवीशेजारी आणली आणि निळी निळीशेजारी. त्या रंग लावत, एका रेषेत कापत, आणि हनीफ पकडीने दाबत. संध्याकाळपर्यंत वीस टोकं झाली. एकही कनेक्टर वाया गेला नाही. कागद भिंतीवर तसाच राहिला, कारण तो काढला असता तर मुलीला कळलं असतं की तिची चूक सापडली.

तबस्सुम स्विच घेऊन रात्री परतली आणि शुक्रवारी सकाळी तिने टेस्टर लावला. या यंत्राची दोन तुकड्यांची पेटी असते. एक तुकडा तारेच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. आठ दिवे क्रमाने लागले की तार बरोबर. कोर्समध्ये तिला हेच शिकवलं होतं, डोळ्यांवर नाही, दिव्यांवर विश्वास ठेवा. तिने अकरा तारा तपासल्या. अकराही ठिकाणी आठ दिवे एकापाठोपाठ एक लागले. दिवे फक्त एवढंच सांगतात की इकडची तिसरी तार तिकडेही तिसरीच आहे. ती कोणत्या जोडीतली, हे त्यांना विचारलेलंच नसतं.

“असं काम तर आमच्या सरांनाही जमायचं नाही,” ती म्हणाली.

हनीफ पकड पुसत राहिले. झैदची वेडीवाकडी तारही टेस्टरवर पास झाली होती. ती टाकून द्यायला जीव होईना, म्हणून तिला सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात नेलं, जिथे कोणाचं लक्ष जाणार नव्हतं.

रविवारी साडेनऊला जळगावचे पाच जण दोन गाड्यांतून आपापले कॉम्प्युटर मांडीवर घेऊन आले. त्यांचा कप्तान दीपक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि एरंडोलपासून उकाड्याबद्दल बोलत आला होता. नाणं उडवलं, दीपकने जिंकलं, आणि कूलरजवळची बाजू मागितली. म्हणजे पलीकडचं टोक. झैद आणि त्याचे चार मित्र स्विचजवळ बसले.

सामना पाच डावांचा होता. पाच विरुद्ध पाच, हातात बंदुका, एका पडक्या कारखान्यात एकमेकांना शोधायचं आणि मारायचं. पहिला डाव पावणेअकरापर्यंत चालला आणि जळगावने जिंकला. भिंतीकडेच्या बाकावर हनीफच्या जुन्या शेजाऱ्यांची रांग होती. त्यात भिकन होता, पूर्वी मागांची दुरुस्ती करणारा, आणि शब्दाच्या दोन साक्षीदारांपैकी एक.

“हनीफ, यात कापड कुठे निघतं?” भिकनने विचारलं.

“निघत नाही.”

“मग दिवसभर चालवायचं कशाला?”

अकराला ललितशेठ आले, खुर्ची घेऊन बसले, मनगटावरचं घड्याळ त्यांनी पुढे घेतलं. तोवर वरचा पत्रा तापला होता. अमिनाबींनी दोन्ही कूलर लावायला सांगितले. अकरा वाजून वीस मिनिटांनी दीपकच्या पडद्यावरचा माणूस एक पाय उचललेल्या अवस्थेत थिजला. मग त्याच्या शेजारचा. मग आणखी दोन. धुळ्याचे पाचही व्यवस्थित पळत होते आणि उभ्या पुतळ्यांना मारत होते.

दीपकने हेडफोन काढला.

“पाहुणचार आवडला,” तो म्हणाला. “पाहुण्याला बसवायचं, हात बांधायचे, आणि मग मारायचं.”

“बाजू तुम्हीच निवडली,” झैद म्हणाला. “हवा पाहिजे होती ना? घ्या हवा.”

“चार जण एकदम बंद पडतात आणि चारही आमचेच?”

“चार कसे? तुम्ही पाच आहात.”

सगळ्यांनी कोपऱ्यात पाहिलं. जळगावचा पाचवा गडी, जितेंद्र नावाचा, कानांवर हेडफोन चढवून अजून खेळत होता. सामना थांबल्याचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. धुळ्याचे खेळाडू खुर्च्यांवरून उठून आल्यामुळे त्याने तोवर त्यांच्यापैकी तिघांना मारलं होतं.

“तुझं कसं चालू आहे?” दीपकने त्याचा हेडफोन ओढून विचारलं.

“मला काय माहीत. चालू आहे.”

जितेंद्र धुळ्यावाल्यांना फितूर आहे का, यावर जळगावच्या गोटात थोडी चर्चा झाली. ललितशेठनी घड्याळ पाहिलं.

तबस्सुम मात्र त्या पाचव्या कॉम्प्युटरपाशी गेली. तीच लांबी, तीच पट्टी, तोच स्विच. फरक एकच, ही तार झैदची होती. तिने ती काढली, शेजारची काढली, आणि दोन्ही कनेक्टर उजेडाकडे धरले. एकात रंग वाकडेतिकडे होते, पण कागदाप्रमाणे. दुसऱ्यात सुंदर क्रमाने, चारही जोड्या आपापल्या घरात.

तिने एकदा बाकाकडे पाहिलं. हनीफ तिथे भिकनशेजारी ताठ बसले होते. ओळीत बसलेल्या त्या सगळ्यांना हनीफच्या घरच्या बीमाची कीर्ती तोंडपाठ होती.

“माझी चूक आहे,” तबस्सुम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “रंगांचा क्रम माझ्याकडून उलटा झाला. अर्ध्या तासात चार तारा नव्याने करते. मग डाव पुन्हा सुरुवातीपासून.”

“चालेल,” दीपक म्हणाला. त्याला फक्त जितेंद्र फितूर नाही हे हवं होतं.

ललितशेठ उठले, मग पुन्हा बसले. उठून लगेच चावी मागणं त्यांना बरं वाटलं नसावं. कूलरचं पाणी संपलं होतं, म्हणून झैदने ते बंद केले आणि भरायचे राहून गेले. तबस्सुम जमिनीवर बसून एकेक टोक कापू लागली.

हनीफ तिथे आले ते तिला मदत करायला. जमिनीवर त्यांचेच कनेक्टर पडले होते. त्यांनी एक उचलला, मग तिने नुकताच दाबलेला हातात घेतला. बराच वेळ दोन्ही पाहत राहिले.

“हिरवी परत फाडलीस,” ते हळू आवाजात म्हणाले.

“हो.”

“कागदावरही तशीच होती.”

“हो.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम, अब्बा. तिसऱ्या आणि सहाव्या घरातून एकच निरोप जातो. एका तारेने जातो, दुसरीने परततो. त्या दोघींना एकमेकींचा पिळा असला तर बाहेरचा आवाज त्यांच्यात शिरत नाही. तिसऱ्यात हिरवी आणि सहाव्यात निळी बसली की प्रत्येकीचा पिळा भलतीशीच. मग शेजारून जाईल ते सगळं त्यांना ऐकू येतं. जवळच्या तारांना ते झेपतं. लांबच्यांना नाही.”

“मग तिसरं आणि सहावं घर कशाला? शेजारची दोन घरं द्यायची.”

“मधली दोन आधीच दिलेली होती. जुन्या टेलिफोनला.”

हनीफनी मान हलवली. “म्हणजे जुन्याला हलवायचं नव्हतं, म्हणून नव्याला फाडलं.”

“तसंच काहीतरी.”

“आणि तू सांगितलंस तुझी चूक.”

“बाकावर सगळे बसलेत,” ती मान वर न करता म्हणाली. “आणि तुम्हीही मला सांगितलं नव्हतंच ना, माझा कागद चुकला म्हणून.”

हनीफ उठले आणि थेट ललितशेठपुढे जाऊन उभे राहिले.

“बंद पडलं ते माझ्या हातून. पोरीने बरोबर लिहून दिलं होतं, मी बदललं. परीक्षा मुलांची होती, माझी नव्हती.”

ललितशेठ हसले, वाईट हसले नाहीत. “चाचा, पोरगी शे, मी समजस. पण तिनाकरता खोटं कसाले बोली राहिनात?”

“खोटं नाही.”

“तुमना हात चुकना, हाई धुळामा कोण मानी? तुम्हीच सांगा.”

हनीफनी बाकाकडे पाहिलं. आधार मिळेल अशी त्यांची कल्पना होती. भिकन चाळीस वर्षांचा मित्र होता.

“नाही बुवा,” भिकन म्हणाला. “तुझ्या घरात रंग चुकला? आम्हाला काय मूर्ख समजतोस? पोरीला वाचवतोयस. चांगलंय, बापाने वाचवावंच. पण आम्हाला सांगू नकोस.”

बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. हनीफची कीर्ती इतक्या एकमताने यापूर्वी कोणी मांडली नव्हती, आणि त्यांना ती इतकी नकोशीही कधी झाली नव्हती.

ललितशेठ न्यायाचे होते. त्यांनी मार्ग काढला. “तुमना हातनी चूक व्हई, तर ती माले मोजनी नही. सामने पुढे चालू द्या, मी पाचलोंग बसस. पण माले दखाडा. बठ्ठासमोर.”

मग सगळ्यांसमोर तबस्सुमने नुकतीच सुधारलेली एक तार पुन्हा बिघडवायला घेतली. हनीफ पकड घेऊन बसले. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, बारीक तारा एकट्याने सरळ होईनात. अमिनाबी उठून आल्या, समोर बसल्या आणि आठ रंग पंख्यासारखे पसरले.

“रंग मी लावले होते,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “चुकीतही माझं नाव घेणार नव्हतात का?”

“तुझं नाव कशाला खराब करू?”

“खराब? वीस टोकं केली मी. दाबायला तर कोणीही दाबतो.”

दोन्ही टोकं तीन मिनिटांत झाली. दीपकने एक हातात घेऊन पाहिलं आणि स्वतःहून म्हणाला, “एवढं नीट तर कंपनीतूनही येत नाही.” हे वाक्य त्या क्षणी कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

तार जोडली. दीपक खेळायला बसला, समोर झैद. सगळे दीपकच्या पाठीमागे उभे राहिले. पडद्यावरचा माणूस पळाला, भिंतीवरून उडी मारली, झैदला दोनदा मारलं. पाच मिनिटं झाली. आठ झाली. माणूस कुठेच थिजला नाही. हनीफनी आयुष्यात अनेकदा कापड चांगलं निघावं म्हणून दुआ मागितली होती. आपलं काम वाईट निघावं म्हणून कशी मागतात, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

“उत्तम चालू आहे,” दीपक म्हणाला. “अजिबात अडकत नाही.”

“मी म्हणालो नव्हतो?” भिकन म्हणाला.

दहाव्या मिनिटाला ललितशेठनी हनीफच्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ द्या चाचा. तुमनं मन समजनं माले.”

तबस्सुमला कारण माहीत होतं. पण ती बोलली असती तर बापाची चूक सिद्ध करणारी तीच ठरली असती, आणि एकदा स्वतःवर घेतलेली चूक तिने परत घ्यायची नाही असं ठरवलं होतं.

हनीफ पडद्याकडे पाहत नव्हते. ते शेडकडे पाहत होते, वर, खाली, भिंतींवर.

“भिकन,” ते म्हणाले, “माग एकटा चालवून दुरुस्त झाला असं तू कधी म्हटलंस का?”

“एकटा कसा? एकटा नेहमीच बरा चालतो. सगळी शेड चालू करून बघायचं. हादरा लागला की खोट दिसते.”

“मग सकाळी बंद पडलं तेव्हा इथे काय काय चालू होतं?”

भिकनने बोटावर मोजलं. “पंखे. आत्ताही आहेत. दिवे. आहेत. कूलर.” तो थांबला. “कूलर बंद आहेत.”

“पाणी नाही त्यात,” झैद म्हणाला.

“पाण्याचं काय काम,” हनीफ म्हणाले, आणि स्वतः चालत जाऊन दोन्ही कूलरची बटणं दाबली.

कोरडी गरम हवा सगळ्यांच्या तोंडावर आली. पट्टीवरून शेजारून गेलेल्या विजेच्या वायरीत मोटारींचा भार चढला. दीपकचा माणूस दोन पावलं पळाला, मागे ओढला गेला, पुन्हा दोन पावलं पळाला, आणि एका दारात अर्धा आत अर्धा बाहेर असा उभा राहिला. दीपकचे तीन सोबती आपापल्या जागी जाऊन बसले; त्यांच्या पडद्यांवर, तबस्सुमने सुधारलेल्या तारांवर, सगळं सुरळीत चालू होतं. कोपऱ्यात जितेंद्रचंही.

हनीफनी बटण बंद केलं. माणूस सुटला. चालू केलं. थिजला. असं त्यांनी चार वेळा केलं, तीन वेळा पुरे झालं असतं तरी.

“बघितलंत?” ते ललितशेठना म्हणाले. “माझंच आहे.”

बाकावरच्या कोणालातरी टाळी वाजवावीशी वाटली. त्याने वाजवली, आणि मग कशाबद्दल वाजवली ते न कळून थांबला. भिकन बराच वेळ कनेक्टर डोळ्यांजवळ धरून बसला होता.

“तरी क्रम हाच बरोबर दिसतो,” तो शेवटी म्हणाला.

ललितशेठ पाचपर्यंत बसले. एकदा दिलेल्या वेळेआधी उठणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि चौथ्या डावानंतर त्यांना खेळ समजू लागला होता. ती तार तबस्सुमने पुन्हा नीट केल्यावर सामने थांबले नाहीत. जळगाव तीन-दोनने जिंकलं. पाच वाजून दोन मिनिटांनी ते उठले, चप्पल घातली आणि तबस्सुमला म्हणाले, “चावी तुलेच लखलाभ, बेटा. माले फक्त सांग, पारोळा रोडले अशी दुसरी शेड शे का कोठे?” तिने दोन पत्ते सांगितले. ते त्यांनी मोबाईलमध्ये लिहून घेतले.

सोमवारी सकाळी तबस्सुम शेडमध्ये आली तेव्हा हनीफ आणि अमिनाबी आधीच जमिनीवर बसलेले होते. मध्ये स्विचजवळच्या तारांची गुंडाळी होती. पाच कॉम्प्युटरांच्या पाच आणि मुख्य कॉम्प्युटरची एक.

“अब्बा, त्या चालतात,” ती म्हणाली. “चाळीस फुटांना काही होत नाही. कालही काही झालं नाही.”

“चालतात म्हणून ठेवायच्या?”

“बारा कनेक्टर जातील.”

“जाऊ देत.” त्यांनी पहिलं टोक कापलं. गुरुवारी केलेल्या वीसांत ते सगळ्यात देखणं होतं. अमिनाबींनी भिंतीवरचा कागद काढून मांडीवर घेतला होता. नारिंगी जोडी लावली, पांढरा-हिरवा लावला, मग निळ्यावर त्यांचं बोट थांबलं. हिरवी तार बाजूला धरून त्यांनी निळी मध्ये सारली, तिच्यामागे पांढरी-निळी, आणि मग हिरवीला तिच्या तीन घरं लांबच्या जागी नेऊन बसवलं.

“बघवत नाही,” त्या म्हणाल्या.

“बघू नकोस,” हनीफ म्हणाले, आणि पकड दाबली.